बुएनोस आइरेस स्वस्तात करायचंय? पैसे कुठे गळतात ते आधी बघा

"अर्जेंटिना स्वस्त आहे, डॉलर घेऊन जा आणि राजासारखे राहा" हा सल्ला अजूनही फिरतो आहे. तो २०२२-२३ सालचा आहे. तेव्हा सरकारी दर आणि रस्त्यावरचा 'डॉलर ब्लू' यांच्यात कधी कधी दुपटीहून जास्त फरक असायचा, त्यामुळे खिशात रोख डॉलर असलेल्याला सगळं निम्म्या किमतीत पडायचं. २०२३ मध्ये तिथली महागाई २११ टक्क्यांवर गेली. डिसेंबरात नव्या सरकारने पेसो या तिथल्या चलनाची किंमत निम्म्याहून खाली आणली आणि एप्रिल २०२५ मध्ये सामान्य लोकांसाठी डॉलर खरेदीवरचे बहुतेक निर्बंध उठवले. दोन दरांमधली दरी त्यानंतर बरीच बुजली, पण डॉलरमध्ये मोजलं तर शहर महाग झालं. आता रेस्टॉरंटचं बिल दक्षिण युरोपातल्या बिलाच्या आसपास जाऊ शकतं.

म्हणजे या शहरात सगळ्यात महाग पडते ती जुनी माहिती. दर, नियम, प्रवेश शुल्क असं काहीही वाचलंत तर आधी ते कधी लिहिलंय ते बघा. सहा महिन्यांपेक्षा जुना आकडा असेल तर तो बजेटमध्ये धरू नका.

कागदपत्रांत होणारं नुकसान

रोजच्या खाण्यापिण्यात शंभर-दोनशे रुपये वाचवणारे लोक कागदपत्रांच्या एका चुकीत हजारो घालवतात. त्यातली सर्वांत ठळक चूक म्हणजे पिवळ्या तापाची लस न घेणं. बुएनोस आइरेस शहरात त्या तापाची भीती नाही, अर्जेंटिनात उतरताना लसीचं कार्डही बहुधा कोणी मागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. अडचण परत येताना होते. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझीलही आहे. वैध प्रमाणपत्र नसेल तर मुंबई विमानतळावर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते. तिथे ठरावीक वारी, आधी नोंदणी करून जावं लागतं, त्यामुळे तिकीट काढल्याच्या आठवड्यातच नंबर लावा. एकदा घेतलेल्या लसीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लस देता येत नसेल तर काय करायचं, तेही तेव्हाच विचारून घ्या.

व्हिसाबाबत उलटी गंमत होते. ज्यांना गरज नाही ते पैसे भरतात. तुमच्याकडे अमेरिकेचा चालू पर्यटक व्हिसा असेल तर २०२५ पासून अर्जेंटिनाचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. त्याआधी अशांना ऑनलाइन परवानगी काढावी लागायची आणि कितीतरी एजंट अजून तीच काढायला लावतात. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर मुंबईतल्या अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासाची वेबसाइट बघून नियम तपासा. एजंटचं दरपत्रक त्यानंतर बघा.

तिकिटातली चूक मात्र भल्याभल्यांकडून होते. मुंबईहून थेट विमान नाही. दोहा, दुबई, इस्तंबूल किंवा आदिस अबाबामार्गे जावं लागतं आणि बऱ्याच विमानांचा पुढचा थांबा साओ पाउलो किंवा रिओ असतो. मग कोणीतरी हुशारीने मुंबई-साओ पाउलो एक तिकीट आणि साओ पाउलो-बुएनोस आइरेस दुसरं, स्वस्त, असं काढतं. दोन वेगळ्या तिकिटांत सामान साओ पाउलोला बाहेर घेऊन पुन्हा द्यावं लागू शकतं आणि बाहेर यायचं तर भारतीय पासपोर्टला ब्राझीलचा व्हिसा लागतो. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच तुम्हाला विमानात बसू देणार नाहीत. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, सामानाची चिठ्ठी थेट बुएनोस आइरेसची आहे ना ते बघा. अमेरिकेमार्गे जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तरी तिथल्या व्हिसाशिवाय ते निरुपयोगी आहे, विमान बदलण्यापुरतं उतरायचं असलं तरीही.

आणखी एक. या शहराला दोन विमानतळ आहेत. आंतरराष्ट्रीय विमानं मुख्यतः एसेइसाला उतरतात, ते शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे. देशांतर्गत बरीच विमानं नदीकाठच्या एरोपार्केहून सुटतात. एसेइसाला उतरून दोन तासांनी एरोपार्केहून इग्वासू धबधब्याकडचं विमान पकडायचा बेत म्हणजे तिकीट वाया. मध्ये पाच तास तरी ठेवा.

कधी जायचं

ऋतू उलटे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी नाताळच्या सुट्टीत जाणारे खूप. डिसेंबर-जानेवारीत कडक उन्हाळा असतो, शहरातले लोक समुद्राकडे निघून जातात आणि जानेवारीत छोटी हॉटेलं, नाट्यगृहं बंद मिळतात. आपली दिवाळीची सुट्टी मात्र तिथल्या वसंतात येते. नोव्हेंबरमध्ये रस्तोरस्ती जांभळे जॅकरांडा फुललेले असतात. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे शरद असतो, तोही छान. जुलैमध्ये तिथल्या शाळांना हिवाळी सुट्टी असते, तेव्हा देशांतर्गत विमानं महागतात.

जाता-येता दोन-तीन दिवस प्रवासातच जातात, त्यामुळे पाच दिवसांसाठी जाणं हा खरा उधळेपणा. त्याच सुट्टीत रिओ, पॅटागोनिया आणि माचू पिचू कोंबण्यापेक्षा एका शहरात दहा दिवस राहा. भाडंही आठवड्याच्या हिशेबाने कमी लागतं.

रोख, कार्ड आणि फ्लोरिदा रस्ता

रुपये तिथे कोणी घेत नाही आणि यूपीआयवरही विसंबू नका. एटीएमवर भिस्त ठेवणं ही तर मोठी चूक. परदेशी कार्डावर एका वेळी थोडेच पेसो निघतात आणि प्रत्येक वेळी भरघोस शुल्क कापलं जातं, त्यावर आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. दोन मार्ग ठेवा: डॉलरमधलं फॉरेक्स कार्ड किंवा कमी मार्कअपचं क्रेडिट कार्ड, आणि थोडे रोख डॉलर. भारतातून एका फेरीला तीन हजार डॉलरपर्यंत रोख नेता येते, पण एवढी लागत नाही.

रोख नेताना शंभराच्या नव्या, निळ्या पट्टीच्या नोटा मागून घ्या. वीस आणि दहाच्या नोटांना तिथे दर कमी मिळतो. जुन्या, लहान चेहऱ्याच्या नोटांनाही तसाच. दुमडलेली, शिक्का मारलेली नोट परतही करतात. मुंबईतल्या फॉरेक्सवाल्याने हातात दिलेलं पाकीट तिथेच उघडून बघितलंत तर पुढची हुज्जत टळते.

फ्लोरिदा या पादचारी रस्त्यावर "काम्बिओ, काम्बिओ" असं ओरडणारी माणसं भेटतील. पूर्वी त्यांच्या मागे जाण्यात दुप्पट फायदा होता, आता फरक इतका थोडा असतो की खोट्या नोटेचा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही. उघड्या दुकानात, पावती घेऊन बदला. दहा हजार आणि वीस हजार पेसोंच्या नोटा २०२४ मध्ये आल्या, त्याच मागा, नाहीतर हातात नोटांचं बाड येतं.

हॉटेलच्या बिलात एक सवलत आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. परदेशी पर्यटकाने परदेशी कार्डाने पैसे भरले आणि पासपोर्ट दाखवला तर हॉटेलच्या निवासावरचा २१ टक्के कर माफ होतो. तेच बिल रोख पेसोत भरलंत तर माफी गेली. म्हणून हॉटेलवाला "रोख द्या, दहा टक्के सूट देतो" म्हणाला तर लगेच खूश होऊ नका, दोन्ही आकडे मांडून बघा. दुकानं आणि रेस्टॉरंटमध्ये मात्र रोखीची सूट खरंच फायद्याची असते. तिथे "एफेक्तिवो" (रोख) असं विचारा.

राहणं आणि फिरणं

नकाशावर मध्यवर्ती दिसतो म्हणून मिक्रोसेन्त्रोत स्वस्त खोली घेतली जाते. तो कचेऱ्यांचा भाग. संध्याकाळनंतर आणि रविवारी ओस पडतो, मग प्रत्येक जेवणाला टॅक्सी लागते. पालेर्मो सुंदर आहे, पण तिथे नावाचे पैसे मोजता. मला विचाराल तर आल्माग्रो किंवा व्हिया क्रेस्पो: भुयारी रेल्वे जवळ, कोपऱ्यावर बेकरी, भाजीवाला, आणि भाडं पालेर्मोपेक्षा कमी.

बस आणि भुयारी रेल्वेसाठी 'सुबे' कार्ड घ्या. ते कियोस्कवर मिळतं आणि एकाच कार्डावर दोघा-तिघांचं तिकीट काढता येतं. भुयारी रेल्वेत आता बँकेचं कार्डही टेकवून चालतं, बसमध्ये त्यावर अवलंबून राहू नका. कार्डात पैसे संपले आणि कियोस्क बंद असेल तर घाबरायचं कारण नाही, थोडी उधारी कार्ड स्वतःच देतं आणि पुढच्या रिचार्जमध्ये वळती होते. बसमध्ये चढल्यावर चालकाला कुठे उतरायचं ते सांगायचं, तो भाडं लावतो, मग कार्ड टेकवायचं. आधीच टेकवलंत तर गोंधळ होतो.

एसेइसाहून शहरात यायला आठ नंबरची बस अगदी स्वस्त आहे, पण दोन तास लागू शकतात. चोवीस तासांच्या प्रवासानंतर, बॅगा घेऊन, रात्री हा प्रयोग नको. ॲपवरची टॅक्सी तिघांत वाटली तर फार पडत नाही. उतरल्या उतरल्या दारात गाठणाऱ्या टॅक्सीवाल्यांना मान हलवून पुढे जा.

जेवण: शाकाहाऱ्यांनी जरा जास्त वाचावं

गोमांसासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त चुकीचं विचारतो. "मांस नको" म्हटलं की वेटर बीफ वगळतो आणि हॅम घातलेलं काहीतरी आणतो, कारण अनेकांच्या लेखी कार्ने म्हणजे गाईचं मांस. "सिन कार्ने, सिन पोजो, सिन हामोन, सिन पेस्कादो" (मांस, कोंबडी, हॅम, मासे नको) असं एकेक नाव घेऊन सांगा. एम्पानादांमध्ये, म्हणजे करंजीसारख्या भरलेल्या पदार्थात, मक्याची 'उमिता' आणि चीज-कांद्याची मागा. पालकाच्या 'पास्कुआलिना' या पायमध्ये अंडं असतं.

कोर्रियेन्तेस रस्त्यावरच्या जुन्या पिझ्झेरियांत, १९३२ पासूनच्या ग्वेर्रिनसारख्या ठिकाणी, उभ्याने तुकडा घेऊन खाल्ला तर कमी पैशांत पोट भरतं. सोबत 'फाइना' घ्या. हा सरळ आपला बेसनाचा पोळा, फक्त भट्टीत भाजलेला. पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून खातात. वजनावर विकणारी 'पोर पेसो' दुकानंही शाकाहाऱ्यांच्या कामाची: भाज्या दिसतात, हव्या तेवढ्या घ्यायच्या.

रात्री सात वाजता जेवायला निघालात तर फक्त पर्यटकांसाठीची महाग हॉटेलं उघडी सापडतील. गावकरी साडेनऊ-दहाला जेवतात. दुपारचं 'मेनू एहेकुतिवो' हे सर्वांत किफायतशीर: ठरावीक किमतीत मुख्य पदार्थ, पेय आणि बहुतेक वेळा गोड किंवा कॉफी. तेच मुख्य जेवण करा, रात्री खोलीवर खिचडी टाका. डाळ-मसाले बेल्ग्रानोतल्या चिनी बाजारात मिळतात. घरून फळं, दुधाचे पदार्थ, बियाणं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. बिलात 'कुबिएर्तो' नावाची रक्कम दिसली तर ती फसवणूक नव्हे, टेबल-पावाचं शुल्क आहे. टिप मात्र वेगळी, साधारण दहा टक्के.

बघण्याच्या गोष्टींत

डिनर-टँगोच्या कार्यक्रमात जितके पैसे जातात तितक्यात दोन-तीन दिवस निघतात. नाच बघायचाच असेल तर मिलोंगाला जा, जिथे स्थानिक लोक स्वतः नाचतात. प्रवेश किरकोळ असतो, रंग अकराच्या पुढे चढतो. रविवारी सान तेल्मोच्या बाजारात रस्त्यावरही टँगो असतो, टोपीत नोट टाकायला विसरू नका. १९०८ सालच्या कोलोन नाट्यगृहाच्या सहलीऐवजी कार्यक्रमाचं वरच्या मजल्यावरचं उभ्याचं तिकीट तपासा. कित्येकदा ते सहलीपेक्षा स्वस्त असतं आणि आवाज तिथे अप्रतिम पोचतो. रेकोलेताची प्रसिद्ध दफनभूमी फुकट आहे असं जुन्या लेखांत असतं. आता परदेशी लोकांना तिकीट आहे आणि ते कार्डानेच भरावं लागतं.

ला बोकाला दिवसा जा, कामिनितोच्या रंगीत गल्ल्यांत फिरा आणि तिथूनच बस पकडून परत या. फोटोच्या नादात चार चौक पुढे जाऊ नका. बोका ज्युनियर्सच्या सामन्याची तिकिटं सभासदांसाठी असतात, पर्यटकाला दलालाकडून अनेकपट किमतीला मिळतात. फुटबॉलच बघायचा असेल तर एखाद्या छोट्या क्लबचा सामना शोधा.

फोन हिसकावणं हा इथला नेहमीचा गुन्हा. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानाच्या आत शिरा. अंगावर काहीतरी सांडलं आणि एखादा प्रेमळ माणूस पुसायला धावला तर बॅग घट्ट धरून चालू लागा. चोरी झालीच तर ९११ वर कळवा आणि पर्यटकांसाठीच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. त्या कागदाशिवाय विम्याचे पैसे मिळत नाहीत. फोनसोबत बँकेचा ओटीपी येणारं सिमही जातं, म्हणून दुसरं कार्ड आणि पासपोर्टची प्रत खोलीवरच ठेवा.

तिग्रेच्या त्रिभुज प्रदेशाची सहल एजंटकडून घेऊ नका. रेतिरो स्थानकाहून मित्रे मार्गाची लोकल सुबे कार्डावर नेते, पुढे बेटांवरचे लोक वापरतात तीच प्रवासी बोट घ्या. त्याच मार्गावर सान इसिद्रो लागतं. १९२४ साली पेरूला निघालेले रवींद्रनाथ आजारी पडले आणि अर्जेंटिनातल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या आग्रहाने इथेच नदीकाठच्या घरात राहिले. ओकाम्पोंचं स्वतःचं घर, व्हिया ओकाम्पो, आता युनेस्कोकडे आहे. ते रोज उघडं नसतं, वेळ बघून जा.

आणि इग्वासू. धबधब्याचा बराचसा भाग आणि जवळून जाणाऱ्या वाटा अर्जेंटिनाच्या बाजूलाच आहेत. पलीकडची बाजू बघायची तर ब्राझीलचा व्हिसा लागतो. 'दोन्ही बाजू' असं लिहिलेली सहल आधी पैसे भरून ठेवू नका. हाच प्रकार नदीपलीकडच्या उरुग्वेतल्या कोलोनियाच्या बोटीचा: तिकीट काढण्याआधी तुमच्या पासपोर्टला तिथला व्हिसा लागतो का, आणि अर्जेंटिनाचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे का, ते बघा.

शेवटच्या दोन दिवसांत नवे पेसो घेऊ नका. उरलेले भारतात कोणी बदलून देत नाही. त्यांची अल्फाखोर बिस्किटं घ्या, पण शहरातल्या सुपरमार्केटमधून. विमानतळावर तोच डबा बराच महाग असतो.