आयपीए हाताळताना या चुका टाळा (आणि रिकाम्या ड्रमला आधी घाबरा)

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे कारखान्याच्या शॉपमधलं आयपीए, गरीब स्वभावाचं रसायन आहे असा समज एमआयडीसीत पक्का बसलाय. ऑफसेट छपाईवाले ते प्लेट ओली ठेवणाऱ्या फाउंटनच्या पाण्यात घालतात, इलेक्ट्रॉनिक्सवाले पीसीबीवरचा, म्हणजे सर्किट बोर्डावरचा, सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट फ्लक्स पुसतात, फार्मावाले टेबलं पुसतात. २०२० मध्ये सॅनिटायझरच्या निमित्ताने ते घराघरांत पोचलं आणि उरलीसुरली भीतीही गेली. अॅसिडसारखं भाजत नाही, वास फार वाईट नाही, सांडलं तर पाच मिनिटांत उडून जातं. उडून जातं म्हणजे कुठे जातं, हे मात्र कोणी विचारत नाही.

खोलीतच राहतं. पेट घेते ती वाफ, आणि आयपीएचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ निघते तो, आहे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास. निफाडकडची थंडीतली पहाट सोडली तर आपल्याकडे शॉपमधलं तापमान वर्षभर त्याच्या वरच असतं. हवेत वाफ २ टक्क्यांवर गेली की ठिणगी पुरते. साधारण १२ टक्क्यांपर्यंत हा धोका कायम. नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हे तीन आकडे पाठ करायला लावतो. त्यांना कंटाळा येतो. येऊ दे.

"ड्रम रिकामाच आहे, कापा"

या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. २०० लिटरच्या ड्रममध्ये १६० किलो माल येतो. पंपाने ओढून घेतला, उलटा करून निथळवला, तरी तळाच्या दुमडलेल्या कडेत थोडा अडकून राहतोच. किती राहिला तर धोका? ड्रमभर हवा २ टक्क्यांवर न्यायला जेमतेम १२-१३ मिली आयपीए पुरतं. जेवणाचा मोठा चमचाही भरत नाही. शिवाय बूच लावलेल्या ड्रममध्ये थोडा द्रव उरला असेल, तर ३० अंशाला आतली वाफ साडेसात-आठ टक्क्यांवर येऊन थांबते, म्हणजे स्फोटाच्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच कमी पडते. आयपीएच्या बाबतीत ती सवलत नाही. भरलेल्या ड्रमला सगळे जपतात. माणसं रिकाम्याने भाजतात.

एका कारखान्यात, नाव नको, भंगाराच्या कोपऱ्यात कितीतरी दिवस पडलेला असाच एक ड्रम होता. त्याचा कचऱ्याचा डबा करायचं ठरलं आणि बाहेरून फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. मी कामानिमित्त शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. सुपरवायझर त्याला सांगत होता, "निथळून ठेवलाय दादा, थेंब नाही आत." त्याने बूच काढून वास घेतला. "येतोय थोडा, पण चालेल," म्हणाला आणि गॅस कटर पेटवला. ज्योत वरच्या कडेला लागली आणि धाडकन आवाज झाला. तळ उसवून निघाला, ड्रम वर उडाला, सिमेंटच्या पत्र्याला भगदाड पाडून पलीकडच्या गल्लीत जाऊन पडला. कटरवाला बाजूला उकिडवा बसला होता, ड्रमवर वाकला नव्हता, म्हणून वाचला. हाताची कातडी आणि भुवया गेल्या.

पुढे जे झालं त्याने माझं डोकं जास्त फिरलं. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं: "ड्रम नीट निथळला नव्हता." म्हणजे पुढच्या वेळी नीट निथळून कापा! वास आला हे माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, ते कुठेच आलं नाही. हॉट वर्क परमिट, म्हणजे ज्योत-ठिणगीच्या कामाची लेखी परवानगी, घेतलं होतं का, तेही नाही.

माझी सवय सांगतो. ड्रम संपला की त्याच मिनिटाला दोन्ही बुचं घट्ट, वर मोठ्या अक्षरात "आयपीए, कापू नका", आणि रवानगी पुरवठादाराकडे किंवा परवानाधारक रीसायकलरकडे. आयपीए पाण्यात कितीही मिसळतं, त्यामुळे काठोकाठ पाणी भरून तीनदा धुतला तर ड्रममध्ये फारसं काही उरत नाही, हे खरं. ते पाणी ईटीपीला, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, जायला हवं, गटारात नाही. पण धुताना मी उभा नसेन, तर दुसऱ्याच्या "धुतलाय की" या शब्दावर त्या ड्रमला कटर लावू देणार नाही. कचऱ्याचा डबा बाजारात विकत मिळतो.

ड्रममधून बादलीत ओतणं

दुसरी माझी ठेवणीतली तक्रार. ड्रममधून माल काढताना स्थिर विद्युत तयार होते, आणि आयपीएच्या वाफेला पेटवायला अगदी किरकोळ ठिणगी लागते. आयपीए स्वतः बऱ्यापैकी विद्युतवाहक आहे, त्यामुळे वाट मिळाली तर चार्ज जमिनीत निघून जातो. वाट आपणच बंद करतो. स्टीलची बादली प्लास्टिकच्या पॅलेटवर ठेवली, किंवा प्लास्टिकच्या मुठीने ड्रमच्या तोटीला लटकवली, की ती अधांतरी. जमलेला चार्ज जायचा तो ड्रमकडे उडी मारूनच, आणि नेमका तोंडाशी, जिथे वाफ सगळ्यात जास्त.

"पण आमच्याकडे अर्थिंगची क्लिप आहे!" असते ना. रंगावर लावलेली असते. निळ्या रंगाच्या जाड थरावर क्लिप चिमटली म्हणजे अर्थिंग झालं असं मानणाऱ्यांना मी मल्टीमीटर हातात देतो. ड्रमपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत १० ओहमच्या आत यायला हवं. काटा हलतसुद्धा नाही. माझ्या खिशात छोटी कानस असते. कडेचा रंग खरवडायचा, उघड्या पत्र्यावर क्लिप दाबायची, दुसरी क्लिप ड्रमवरून बादलीला, मग तोटी उघडायची. बंद करताना उलटा क्रम: आधी तोटी, मग क्लिप. नळी बादलीच्या तळापर्यंत न्यायची, वरून धार सोडायची नाही. याला जास्तीची दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवणारेच जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मोबाइल बघत बसलेले असतात.

दसऱ्याची पूजा

खंडेनवमीला मशीन चकचकीत दिसावं म्हणून आयपीएने पुसायचं, चिंध्या तिथेच बेडखाली टाकायच्या आणि लगेच निरांजन घेऊन ओवाळायचं. दरवर्षी कुठे ना कुठे बघतो. आयपीएची वाफ हवेच्या दुपटीने जड. ती खालून, फरशीवरून पसरते. त्यामुळे भिंतीच्या वर लावलेला एक्झॉस्ट तिला ओढतच नाही, आणि साधा, फ्लेमप्रूफ (ठिणगी बाहेर न जाऊ देणारा) नसलेला पंखा असेल तर तोच ठिणगी देऊ शकतो. पूजा जरूर करा. पुसायचं काम आदल्या दिवशी उरका, चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका, दारं उघडी ठेवा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पाणी घालून ७० टक्के केलं म्हणजे पेटत नाही, असं नाही. खोलीच्या तापमानाला तेही पेटतं. आणि जंतुनाशक म्हणून ७० टक्केच ९९ टक्क्यांपेक्षा चांगलं काम करतं. "जास्त स्ट्राँग" म्हणून ९९ टक्केवालं टेबलावर ओतणाऱ्यांनी पैसे वाया घालवू नयेत. जंतूंच्या टणक कवचातल्या बीजाणूंवर दोन्ही निकामी.

फ्लक्स पुसल्यावर बोर्डावर पांढरट डाग राहतात? बहुतेक वेळा थोडं आयपीए ओतून चिंधीने तोच फ्लक्स बोर्डभर पसरवलेला असतो. भरपूर घ्या, ब्रश करा, स्वच्छ आयपीएने परत धुवा. बोर्डाचा सप्लाय बंद करून, हे सांगावं लागतं याचंच नवल.

मशीनची अॅक्रिलिकची गार्ड आयपीएने पुसू नका, बारीक चिरा पडतात.

पॅकिंग मशीनचा हीटर गरम असताना पाकीट चिकटवणारे सीलिंग जॉ पुसू नका. थांबा.

जुनं, उघडझाप झालेलं आयपीए घरच्या घरी ऊर्ध्वपातन करून, म्हणजे तापवून वाफ थंड करून, परत वापरणारे महाभाग आहेत. हवेशी दीर्घकाळ संपर्क आला की त्यात पेरॉक्साइड तयार होऊ शकतात आणि भांडं कोरडं होईपर्यंत तापवलं तर ते तळाशी साठून फुटतात. आधी पेरॉक्साइडची पट्टी लावून बघा, आणि कोरडं कधीच करू नका. मी तर ते विकत घेतलेलं बरं म्हणतो.

ब्लीच किंवा नायट्रिक अॅसिड असलेल्या डब्यात आयपीएचा टाकाऊ माल ओतायचा नाही. कधीही नाही.

"अल्कोहोल ते अल्कोहोल"

दर कमी आहे म्हणून कोणीतरी बिनलेबलचा कॅन आणतो आणि त्यात मिथेनॉल निघतं. पुसायला दोन्ही चालतात, इथेच गफलत होते. मिथेनॉल कातडीतूनही अंगात जातं, थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, माणूसही जातो. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. शिवाय त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. पुरवठादाराचं विश्लेषण प्रमाणपत्र (मालात काय आहे ते सांगणारा तपासणीचा कागद) नसेल तर माझ्या स्टोअरमध्ये कॅन आत येत नाही. पाण्याच्या बाटलीत भरून टेबलावर ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, बाटली उचलून नेतो.

फोम आहे, पण कोणता?

आगीची तयारी म्हणून साधी एएफएफएफ (तेलाच्या आगीवरच्या) फोमची ट्रॉली उभी करतात आणि निश्चिंत होतात. अल्कोहोल त्या फेसातलं पाणी ओढून घेतं, फेस बघता बघता विरतो आणि खाली आग तशीच. आयपीएसाठी अल्कोहोल-रेझिस्टंट फोम लागतो, ड्रमवर "एआर" लिहिलेला. छोट्या आगीला डीसीपी (कोरडी पावडर) किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर पुरतं, पण ते ड्रमच्या मागे नको, दाराजवळ हवं, म्हणजे आग लागली तर ती ओलांडून जावं लागत नाही.