अल्पवयीन मुलांचं पिणं थांबवायचंय? वस्तीनं या चुका टाळाव्यात

एखाद्या वस्तीत पंधरा-सोळा वर्षांची मुलं दारू पिताना सापडली की आठवड्याच्या आत बैठक भरते. लोक पोटतिडकीनं बोलतात. व्याख्यान ठरतं, फेरी निघते, मुलांना शपथ दिली जाते. सहा महिन्यांनी पाहावं तर मुलं तीच आणि त्यांची जागाही तीच. मग ‘आजकालची पोरं ऐकतच नाहीत’ असं म्हणून सगळे हात टेकतात.

पण पंधरा वर्षांचं मूल स्वतः दारू गाळत नाही. बाटली त्याच्या हाती येते ती बहुतेक वेळा कुणातरी मोठ्या माणसामार्फत. कपाटाला कुलूप न लावणारे आईवडील, ‘घे रे एक घोट’ म्हणणारा काका, दोन-चार वर्षांनी मोठा असलेला मित्र, वय न विचारता पैसे घेणारा विक्रेता. या मंडळींना वगळून फक्त मुलांना सुधारायला निघालेली मोहीम फार लांब जात नाही. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच दिसतं.

एका व्याख्यानावर भिस्त ठेवणं

भीती घातली की मुलं दूर राहतील, हा समज जुना आहे आणि तो तपासूनही झाला आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस गणवेशात वर्गावर येऊन मुलांना दारूचे आणि अमली पदार्थांचे धोके सांगत. पालकांना तो आवडला, शाळांना आवडला आणि बघता बघता देशभर पसरला. हा कार्यक्रम मिळालेल्या आणि नेहमीचं आरोग्यशिक्षण मिळालेल्या मुलांना दहा वर्षांनी गाठून तपासलं, तेव्हा दोघांच्या पिण्यात फरक सापडला नाही. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुढे आयोजकांना अभ्यासक्रमच बदलावा लागला.

चाळिशीत यकृत खराब होईल, हे मुलाला पटतंही. पण त्याची अडचण वेगळी असते. मित्रांनी ग्लास पुढे केलाय, सगळे बघताहेत, अशा वेळी मैत्री न तोडता नाही कसं म्हणायचं? हे ऐकून येत नाही, सरावानं येतं. म्हणून मोठ्या सभागृहातल्या एका भाषणापेक्षा छोट्या गटांत, प्रत्यक्ष प्रसंग रंगवून, काही आठवडे चाललेली सत्रं बरी. पुढच्या वर्षी त्यांची उजळणीही हवी. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाचं अनुभवकथन ठेवायचंच असेल, तर मी ते पालकांच्या बैठकीत ठेवेन. मुलांसमोर ठेवलं तर काही मुलं त्यातून ‘एवढा प्यायला आणि तरी सावरला’ एवढंच घेऊन जाण्याचा धोका असतो.

‘सगळीच पोरं पितात’ असं जाहीरपणे म्हणणं

काळजीपोटी बोललेलं हे वाक्य उलटं काम करतं. आपल्या वयाची मुलं किती पितात याचा अंदाज किशोरवयीन मुलं सहसा वाढवूनच करतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. त्यात मोठ्यांनीच व्यासपीठावरून ‘सगळीच’ म्हटलं, की न पिणाऱ्या मुलाला आपणच वेगळे आहोत असं वाटू लागतं. त्यापेक्षा निनावी सर्वेक्षण करा. न पिणाऱ्यांची संख्या जास्त निघाली, तर तो आकडा मुलांना ठळकपणे सांगा. आकडा खरोखरच वाईट निघाला तर मात्र तो भिंतीवर लावू नका आणि गोड करूनही सांगू नका. तो पालक आणि विक्रेत्यांच्या बैठकीत ठेवा.

‘बाहेर पिण्यापेक्षा घरी, आमच्या समोर प्यावं’

ही सगळ्यात अवघड चूक आहे, कारण ती प्रेमातून होते. आपल्या नजरेसमोर थोडी घेतली तर मुलाला प्रमाण कळेल, बाहेर जाऊन तो वाहवत जाणार नाही, असा हिशेब असतो. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा २०१० ते २०१६ अशी सहा वर्षं मागोवा घेतला गेला. २०१८ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत हा हिशेब टिकला नाही. पालकांनी दारू दिल्यामुळे मुलं सुरक्षित राहिली, असा कुठलाही पुरावा मिळाला नाही. उलट ज्यांना घरून दारू मिळाली, ती पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता अधिक होती. एका बैठकीत भरमसाट पिणं आणि त्यातून होणारं नुकसानही घरून दारू न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांच्यात जास्त दिसलं.

लवकर सुरुवात होण्याची काळजी उगाच केली जात नाही. पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते, तर विशीत सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतून १९९७ साली समोर आलं. सगळा दोष वयाचाच असं यातून सिद्ध होत नाही. घरची परिस्थिती, आनुवंशिकता यांचाही त्यात हात असतो. पण मेंदूचा आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो, हे लक्षात घेतलं तर सुरुवात जितकी लांबेल तितकं मुलाच्या भल्याचं.

हे बैठकीत मांडायचं कसं? इथे बरेच कार्यकर्ते अडखळतात. ‘तुम्हीच मुलांना बिघडवता’ असा सूर लागला की पुढच्या बैठकीला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. पालकांना दोषी न ठरवता नेमकी कामं सांगा. घरातल्या बाटल्या कुलपात ठेवा आणि किती आहेत याची नोंद ठेवा. मुलाला बाटली आणायला किंवा ग्लास भरायला सांगू नका. एका वर्गातल्या मुलांच्या पालकांनी आपसांत ठरवावं की आपल्या कुणाच्याही घरी, कुणाच्याही मुलाला दारू मिळणार नाही. फोन नंबर एकमेकांकडे असावेत. ‘बाकी सगळ्यांचे आईवडील परवानगी देतात’ हे मुलाचं हुकमी वाक्य त्याच संध्याकाळी पडताळता येतं.

पालक स्वतः पीत असतील तर त्यांनी या कामात पडूच नये असं मात्र मानू नका. मोठ्यांना कायद्यानं मुभा आहे आणि मुलांना नाही, हा फरक मुलांना समजतो. लपवाछपवी केली की विश्वास जातो.

विक्रेत्याला एकदाच दम देऊन थांबणं

शिष्टमंडळ जातं, निवेदन देतं, फोटो निघतो. दोन महिन्यांनी काउंटरवर वय विचारणं बंद. वयाची खातरजमा होते की नाही, हे तपासणाऱ्या सरकारी मोहिमांचा अभ्यास झालाय आणि तिथेही हेच दिसलं: तपासणीनंतर विक्री घटते, पण तपासणी पुन्हा झाली नाही तर तो परिणाम काही महिन्यांत विरतो. म्हणून मागणी एका छाप्याची नको, ठरावीक काळानं होणाऱ्या तपासणीची हवी. ती अधिकृत यंत्रणेनंच करावी. उत्साहाच्या भरात आपल्याच मुलांना गिऱ्हाईक बनवून दुकानात पाठवू नका. ते धोक्याचं आहे आणि बेकायदाही ठरू शकतं.

ओळखपत्र मागणाऱ्या विक्रेत्याचं जाहीर कौतुक करा. त्याला त्या गिऱ्हाइकाचे पैसे सोडावे लागतात. घरपोच मिळणारी दारूही विसरू नका. दारात उभं राहून पाकीट घेणाऱ्याचं वय कोण बघतं, हा प्रश्न बैठकीत आलाच पाहिजे.

‘वाया गेलेल्या’ मुलांचा वेगळा गट करणं

वाटतं की ज्यांना गरज आहे त्यांच्यावरच लक्ष द्यावं. पण धोक्याच्या वळणावरची मुलं एकत्र बसवली की ती एकमेकांकडूनच शिकतात, कोण किती धाडसी हे सांगण्याची चढाओढ लागते. अशा गटांमुळे काही मुलांचं वागणं आणखी बिघडलं, हे १९९९ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं. अशा मुलाला स्वतंत्र समुपदेशन द्या किंवा मिश्र गटात घ्या. गटात अनुभवी प्रौढ कायम हजर हवा.

मनाई केली, पण संध्याकाळ मोकळीच ठेवली

आइसलंडचं उदाहरण हल्ली सगळीकडे दिलं जातं, आणि ते द्यावंच असं आहे. तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी मागच्या महिनाभरात झिंगेपर्यंत प्यायलेल्यांचं प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होतं. २०१६ साली ते ५ टक्क्यांवर आलं.

पण त्यातला एकच तुकडा उचलण्याची चूक हमखास होते. कुणी म्हणतं मैदान बांधू, कुणी म्हणतं रात्री मुलांना बाहेर फिरू द्यायचं नाही. आइसलंडमध्ये या गोष्टी एकमेकींना धरून होत्या. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही, हा नियम होता आणि पालक गट करून स्वतः रस्त्यांवर फेऱ्या मारत. खेळ, संगीत, नृत्य शिकण्यासाठी रेक्याविक शहरानं प्रत्येक मुलामागे कुटुंबाला पैसे दिले, त्यामुळे गरीब घरातलं मूल बाहेर राहिलं नाही. शाळाशाळांत नियमित सर्वेक्षण झालं आणि प्रत्येक भागाला स्वतःचे आकडे लवकर मिळाले. दारू विकत घेण्याचं वय तिथे २० आहे.

यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पालकांचं रस्त्यावर उतरणं. त्याला फारसा पैसा लागत नाही, वेळ मात्र लागतो, आणि नेमका तोच द्यायला मोठी माणसं कचरतात. आणखी एक: क्लब काढलात आणि तिथले प्रशिक्षक सामन्यानंतर मुलांसमोरच बाटल्या उघडत असतील, किंवा मुलांच्या अंगावरच्या जर्सीवर दारूच्या कंपनीचं नाव असेल, तर आधी ते बंद करा.

सापडला की हाकलणं

शाळेतून काढलं, संघातून काढलं की ते मूल दिवसभर मोकळं आणि नजरेआड. नियम मोडल्याचा परिणाम भोगावा लागलाच पाहिजे, पण सोबत कुणीतरी त्याच्याशी बोलणारं हवं. कडक शिक्षेच्या भीतीचा एक परिणाम तर जिवावर बेततो: मित्र बेशुद्ध पडला तरी मुलं कुणाला फोन करत नाहीत.

म्हणून हे प्रत्येक मुलाला ठाऊक असू द्या. हाक मारून, हलवूनही जाग येत नाही, बेशुद्धीत उलटी होतेय, अंग गार किंवा निळसर पडलंय, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहेत किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतंय, यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायची. तोवर त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही. कॉफी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी नशा उतरत नाही. ‘झोपू दे, सकाळी ठीक होईल’ हे सर्वांत घातक, कारण पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते. मदत मागणाऱ्या मुलाला त्यासाठी शिक्षा होणार नाही, हे शाळेनं आणि पालकांनी आधीच लेखी जाहीर करावं.

वर्षभरात फळ न दिसल्यानं गाशा गुंडाळणं

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी उभारलेल्या ‘कम्युनिटीज दॅट केअर’ या वस्तीपातळीवर व्यसन रोखण्याच्या पद्धतीची अमेरिकेतल्या सात राज्यांतल्या २४ गावांत चाचणी झाली. त्यातली निम्मी गावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तिथे काम केलं आणि पाचवीतल्या चार हजारांहून अधिक मुलांचा मागोवा घेतला. मुलं आठवीत पोचली तेव्हा काम झालेल्या गावांत पिण्याची सुरुवात करणारी मुलं कमी होती. म्हणजे कितीतरी वर्षं गेली. समितीत मुख्याध्यापक, पोलीस, डॉक्टर, विक्रेते आणि खुद्द मुलं असावीत, आणि एकजण बाहेर पडला तरी काम थांबू नये म्हणून प्रत्येक जबाबदारी दोघांकडे असावी.

पहिल्या दोन सर्वेक्षणांत पिणाऱ्यांचा आकडा वाढलेला दिसला तर लगेच धीर सोडू नका. नाव गुप्त राहतं अशी खात्री पटल्यावर मुलं अधिक खरं लिहू लागतात, त्यामुळेही आकडा चढू शकतो. अशा वेळी ‘दारू कुठून मिळाली?’ या प्रश्नाची उत्तरं वेगळी काढा. ‘घरातून’ म्हणणारी मुलं वाढली असतील तर पालकांकडे पुन्हा जा, ‘दुकानातून’ म्हणणारी वाढली असतील तर तपासणी कधी झाली होती ते बघा, आणि ‘मोठ्या मित्राकडून’ असं उत्तर जास्त असेल तर अठरा-वीस वर्षांच्या त्या मुलांना समितीत बोलावून घ्या.