अरेबिकाची तोडणी: मधल्या फेरीचाच माल धुवा

दिवाळी सरता सरता चिकमगळूर, कोडगू आणि हासनच्या डोंगरउतारांवर अरेबिका कॉफीची फळं लाल व्हायला लागतात आणि जानेवारीपर्यंत तोडणी चालते. हा सल्ला त्या भागातली, घरच्याच माणसांनी सांभाळलेली चार-पाच एकरांची बाग समोर ठेवून लिहिला आहे. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफी आहे. तिथल्यांना तोडणीनंतरची कामं तशीच लागू पडतील, वेळ मात्र आपल्या झाडावरचं फळ बघून धरावी.

स्पेशालिटी, म्हणजे उंची दर्जाची कॉफी घेणारा खरेदीदार चौकशी करू लागला की सगळ्या बागेचा माल वॉश्ड, म्हणजे धुऊन करायचा मोह होतो. तो आवरा. सालीसकट उन्हात वाळवलेल्या चेरी कॉफीला फळाची दाट चव असते आणि त्या चवीखाली बारीकसारीक दोष झाकले जातात. वॉश्ड कॉफीत साल काढायची, चिकट थर आंबवून सोडवायचा, दाणा धुवायचा आणि टरफलात वाळवायचा. झाकायला काही उरतच नाही. फुलांचा, लिंबूवर्गीय फळांचा हलका गंध कपात उतरतो तो यामुळेच, आणि एका आंबलेल्या दाण्याने पूर्ण कप वाया जातो तोही यामुळेच. चिकमगळूर, कूर्ग (म्हणजे कोडगू) आणि बाबाबुडनगिरी अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. पण आंबवणाच्या हौदातली चूक मानांकनाने निस्तरत नाही.

कोणती फळं धुवायची

बागेत तीन प्रकारची तोडणी होते. सुरुवातीला इकडेतिकडे पिकलेली फळं वेचतात ती फ्लाय पिकिंग, मग मुख्य तोडणी, आणि शेवटी झाडावर राहिलेलं हिरवं-पिकलं सगळं ओरबाडून घेतात ती स्ट्रिपिंग. धुण्यासाठी मुख्य तोडणीचाच माल घ्यावा. फ्लाय पिकिंगमध्ये किडीने पोखरल्यामुळे आधीच रंगलेली फळं बरीच निघतात. स्ट्रिपिंगमध्ये हिरवी आणि झाडावरच सुकलेली फळं मिसळतात. हे दोन्ही माल सालीसकट वाळवा. त्यांचा भाव कमी मिळेल, पण चांगला लॉट त्यांच्यापायी बुडणार नाही.

पिकलेलं फळ चिमटीत दाबलं की दाणा सहज बाहेर उडतो. जोर लावावा लागला तर फळ आणखी चार दिवस झाडावर राहू द्या. अर्धं लाल, अर्धं पिवळट फळ टोपलीत नको, कारण कच्च्या दाण्याची तुरट चव भाजूनही जात नाही. अवकाळी पावसाने तडकलेली फळंही बाजूला काढा.

इथे मजुरीचा प्रश्न येतो आणि तो सल्ल्याच्या पुस्तकांत सहसा नसतो. किलोवर मजुरी दिली तर हात वजनाकडे धावतो. त्यात तोडणाऱ्याचा दोष नाही, आपण पैसेच वजनाचे देतो. धुण्याच्या मालासाठी दिवसाची मजुरी द्या, नाहीतर किलोचा दर एवढा वाढवा की सावकाश तोडणं परवडेल. हा खर्च जड वाटत असेल तर वॉश्ड लॉट लहान ठेवा. ओरबाडलेला माल नंतर ओट्यावर बसून निवडायला त्याहून जास्त मजुरी जाते.

एस. ७९५ आणि चंद्रगिरी या अरेबिकाच्या दोन जाती एकाच बागेत असतील तर त्यांची तोडणी आणि हौद दोन्ही वेगळे ठेवा. दाण्याचा आकार सारखा नसला की पल्पर, म्हणजे साल काढायचं यंत्र, एकाला नीट सोलतो आणि दुसऱ्याला कापतो.

आधी ओटे मोजा, मग टोपल्या

लहान बागेत माल बिघडतो तो बहुधा वाळवणाला जागा नसल्यामुळे. ढोबळ हिशेब असा: १०० किलो पिकलेल्या फळांपासून धुतल्यावर साधारण ४५ किलो ओलं पार्चमेंट, म्हणजे टरफलातले दाणे, निघतात. वाळून ते २० किलोंच्या आसपास येतं आणि टरफल काढल्यावर १६ ते १८ किलो हिरवे, म्हणजे न भाजलेले दाणे मिळतात. ते ओलं पार्चमेंट दोन-अडीच सेंटिमीटर जाडीने पसरायला ओट्यावर साधारण ३ चौरस मीटर वाळवणाची जाळी लागते आणि माल त्या जाळीवर दहा ते चौदा दिवस बसून राहतो. रोज २०० किलो तोडायचे ठरवले तर बाराव्या दिवशी तुम्हाला ७० चौरस मीटरच्या वर जागा हवी. निम्मा वाळलेला माल थोडा जाड पसरता येतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी लागेल, पण फार कमी नाही. घरामागे ३० चौरस मीटर जाळी असेल तर रोज ८० ते १०० किलोंच्या वर धुण्यासाठी तोडू नका. ओले दाणे ढिगात राहिले की रात्रीत वास धरतात.

पल्पर आणि हौद

हंगामापूर्वी पल्परची ताटली आणि पट्टी यांतलं अंतर दोन-तीन ओंजळी फळं घालून तपासा. साल दाण्यांत येत असेल तर अंतर जास्त आहे, दाणे चिरडत असतील तर कमी. चिरलेल्या दाण्याला हौदात आधी आंबूस वास लागतो आणि तो पुढे निवडूनही निघत नाही. सकाळी तोडलेली फळं त्याच संध्याकाळी सोला. त्याआधी ती पाण्यात टाका. तरंगणारी फळं पोकळ किंवा पोखरलेली असतात, ती सालीसकट वाळवायच्या चेरीच्या ढिगात जातील.

अरेबिकाचा चिकट थर साधारण २४ ते ३६ तासांत सुटतो. डिसेंबरच्या थंड रात्री, उंचावरच्या बागेत, याहून जास्त वेळ लागू शकतो. ढगाळ उकाड्यात लवकर उरकतं. म्हणून घड्याळावर विसंबू नका. मूठभर दाणे पाण्यात चोळून बघा. बुळबुळीतपणा जाऊन वाळूच्या खड्यांसारखा खरखरीत आवाज आला की झालं. हौदात काठी उभी खुपसून काढली आणि भोक तसंच राहिलं तरी तेच समजावं. पीएच पट्ट्या स्वस्त असतात. पीएच ४.५ च्या आसपास उतरला की थांबायची तयारी ठेवा. थर सुटल्यावर माल तसाच ठेवला तर चवीची धार जाऊन व्हिनेगरची छटा येते. मध्यरात्री झालं तर मध्यरात्री धुवा. ते जमणार नसेल तर पल्पर संध्याकाळी उशिरा लावा, म्हणजे धुण्याची वेळ दिवसा येईल.

प्रत्येक खेपेनंतर हौदाचे कोपरे, नळी आणि पल्परची पेटी घासून धुवा. आदल्या दिवशीचे चार दाणे कोपऱ्यात राहिले की ते कुजतात आणि पुढच्या खेपेत मिसळून भाजताना दुर्गंध सोडतात.

सध्या हवाबंद टाक्या आणि आंबवताना हौदात दुसरी फळं घालण्याची टूम आली आहे. ज्याच्याकडे त्याचा गिऱ्हाईक ठरलेला आहे त्याने करावं. नाजूक, स्वच्छ चवीची कॉफी विकायची असेल तर साधी पद्धत रोज एकसारखी करणं जास्त अवघड आहे आणि खरेदीदार पुन्हा येतो तो त्यासाठीच.

सोलताना आणि धुताना निघालेलं पाणी आम्लधर्मी असतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. ते ओढ्यात सोडू नका, खालच्या वाडीचं पिण्याचं पाणी तेच असतं. खड्ड्यात साठवून चुना घाला आणि मुरू द्या. साल शेणाबरोबर कुजवली की चांगलं खत होतं.

वाळवण

पहिले दोन दिवस थर पातळ ठेवा आणि तासाला एकदा हात फिरवा. या टप्प्यात पाणी लवकर निथळायला हवं. त्यानंतर घाई नको. भर दुपारी कडक ऊन लागलं तर टरफल तडकतं आणि दाणा बाहेरून वाळून आतून ओला राहतो, म्हणून बारा ते तीन शेडनेटची सावली करा. दव पडायच्या आत माल झाका. सकाळी झाकणावरचं पाणी आधी पुसा, मगच उघडा. फाटलेलं, दाणा दिसणारं पार्चमेंट या दिवसांत हाताने वेचून काढावं. घरातली म्हातारी माणसं आणि सुट्टीतली मुलं या कामाला मनापासून बसतात आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा बरी असते.

माल १० ते ११ टक्के ओलाव्यावर आला की उतरवा. ओलावा मोजायचं यंत्र गावात एकाकडे जरी असलं तरी पुरतं. दाताखाली दाणा दाबून बघायची जुनी रीत अंदाजाला ठीक आहे, पण त्यावर पोतं शिवू नका.

अवकाळी पावसाची तयारी नोव्हेंबरातच करून ठेवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोडगू, हासन आणि चिकमगळूरकडे ऐन तोडणीत पाऊस झाला तेव्हा फळं झाडावर फुटली आणि अंगणातलं वाळवण भिजलं. पाऊस लांबणार असं दिसलं तर तोडणी थांबवा. नुकतंच धुतलेलं पार्चमेंट स्वच्छ थंड पाण्यात, पाणी बदलत, एखादा दिवस तग धरतं. अर्धवट वाळलेल्या मालाला मात्र पुन्हा पाणी लागता कामा नये. तो छपराखाली पातळ पसरून पंखा लावा.

साठवण आणि नमुना

दाणे टरफलातच ठेवा, विक्री ठरली की मगच कुटून घ्या. स्वच्छ पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा. मिरी, वेलदोडा, खत, औषध, रॉकेल यांच्या खोलीत कॉफी नको, कारण ती शेजारचा वास ओढून घेते. प्रत्येक पोत्यावर तोडणीची तारीख, जात आणि हौदाचा क्रमांक लिहा. महिनाभर माल मुरला की नमुना काढा, तोही पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून. चांगलेच दाणे निवडून नमुना पाठवला तर सौदा ठरेल खरा, पण माल पोहोचल्यावर तुटेल. स्पेशालिटीसाठी हिरव्या दाण्यांचा ३५० ग्रॅमचा नमुना तपासतात आणि त्यात काळा किंवा पूर्ण आंबलेला एकही दाणा चालत नाही.

तोडणी संपली की झाडाखाली पडलेली आणि फांदीवर सुकलेली फळं वेचून घ्या. फळ पोखरणारा भुंगा पुढच्या पिकाची वाट बघत त्यांच्यातच बसतो. वेचलेली फळं उकळत्या पाण्यात बुडवून काढा. खोडकिड्याने पोखरलेली झाडंही याच फेरीत हेरून उपटा आणि जाळा. शंका आली तर बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेला किंवा कॉफी बोर्डाच्या जवळच्या कार्यालयाला विचारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्याचा पाऊस येण्याआधी ही वेचणी उरकली पाहिजे.