सोल की कोहा? आधी मराठी टायपिंग!

बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी करून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू होणारी मुलं पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘सोल शिकू की कोहा?’ मी म्हणते, आधी युनिकोडमध्ये मराठी टायपिंग पक्कं करा. दोन्ही ग्रंथालयाचं काम संगणकावर करायची सॉफ्टवेअर : सोल गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं, कोहा मुक्तस्रोत (ओपन सोर्स). पुस्तकांच्या देवघेवीपुरतं दोन्ही काउंटरवर बसलं की जमतं. जीव खातो तो जुना डेटा.

आमच्याकडच्या पुस्तकांच्या जुन्या नोंदी श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. त्या नव्या प्रणालीत घेतल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. कन्व्हर्टरने बरंच सुधारलं, पण रफार आणि जोडाक्षरं हातानेच नीट करावी लागली. त्यात एकाच कवयित्रीच्या तीन नोंदी : ‘बहिणाबाई चौधरी’, ‘चौधरी, बहिणाबाई’ आणि ‘बहिनाबाई’. जिच्या नावाचं विद्यापीठ, तीच संगणकाच्या लेखी तीन वेगळ्या बायका! मग मुलगा शोधतो एका नावाने आणि बाकीच्या प्रती कपाटात असून नसल्यासारख्या. म्हणून आडनाव आधी की नाव, ह्रस्व-दीर्घ कसं, हे एंट्री सुरू करण्यापूर्वी कागदावर ठरवून घ्या. आणि ‘आता सगळं संगणकात आहे’ म्हणत कुणी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक प्रतीला क्रमांक देऊन नोंदवायचं रजिस्टर) रद्दीत काढायला निघालं तर आडवे पडा. कुठल्या प्रतीचा दाखल क्रमांक काय, हा वाद तिथेच मिटतो.

बारकोडचे स्टिकर जरा बऱ्यापैकी घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात स्वस्तातले सुटून येतात.

ताण मशीनपेक्षा माणसांच्या कमतरतेचा जास्त. शिपायाचं पद रिकामं, त्यात कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की एन-लिस्टच्या (कॉलेजांना ई-पुस्तकं, ई-नियतकालिकं देणारी योजना) वापराचे आकडे कालच्या काल हवे असतात. ते दर महिन्याला उतरवून ठेवलेले बरे, आयत्या वेळी वर्षभराचं उकरत बसावं लागत नाही. कॉलेजची इतर कारकुनी कामंही गळ्यात पडतात. नाही म्हणता येत नसेल तर निदान लेखी आदेश मागा. कामं आपोआप थोडी कमी होतात, हा माझा अनुभव.

पुस्तक शोधायचा संगणक दारातच ठेवला, तरी भरतीची तयारी करणारा मुलगा सरळ काउंटरवर येऊन अहिराणीत विचारतो, “ताई, तलाठीनं पुस्तक शे का?” त्याला संगणकाकडे बोट दाखवून परत पाठवू नका. सोबत जाऊन त्याच्याच हाताने एकदा टाइप करून घ्या. पुढच्या वेळी तो मित्रालाही शिकवतो.