अंतर ठेवता येत नाही, तिथे सर्दी-खोकला कसा अडवायचा

‘हात धुवा, अंतर ठेवा’ हा सल्ला चांगलाच आहे. पण ज्याला उठवायला, भरवायला, अंघोळ घालायला दुसऱ्याचे हात लागतात, त्याने अंतर ठेवायचं कसं? मदतनीस दिवसातून दहा वेळा त्याच्या तोंडाजवळ येतो. म्हणून बंदोबस्त सुरू करायचा तो मदतनिसापासून.

फ्लूची लस त्या व्यक्तीला हवीच, पण मदतनिसाला आणि घरातल्या सगळ्यांनाही हवी. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात, त्यामुळे साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मोसमाआधी घ्या. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी लागते. न्यूमोकोकल लस (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची) वेगळी, ती दरवर्षी घ्यायची नसते. डॉक्टरांना विचारून एकदा हिशेब लावून ठेवा. मदतनिसाला कणकण आली तर त्या दिवशी कोण येणार, हेही आत्ताच ठरवा. पर्याय नसला की माणूस आजार अंगावर काढतो आणि कामावर येतो, तिथेच घात होतो. कुणीच मिळालं नाही तर निदान दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या आणि मदतनिसाच्या तोंडावर नीट बसलेला मास्क. समोरची व्यक्ती ओठ वाचत असेल तर पारदर्शक मास्क घ्या. आणि ज्याला स्वतःचा मास्क स्वतः काढता येत नाही, त्याला तो लावू नका.

आता व्हीलचेअर. हाताने चाकं फिरवणाऱ्याने २० सेकंद हात धुतले आणि लगेच चाकालगतची कडी पकडली, की हात धुतलेले वाया. आधी कडी, हातटेके, ब्रेकची मूठ साबणाच्या पाण्याने पुसा, मग हात धुवा. घरात कुणी आजारी असेल तर ब्लीच वापरा: ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली, पाणी १ लिटर. पृष्ठभाग मिनिटभर ओला राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा, नाहीतर धातू गंजतो. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर तिच्या जॉयस्टिकवर फवारा मारू नका. खुर्ची बंद करून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीची मूठ आणि बोलता न येणारी व्यक्ती बोट ठेवून बोलते तो चित्रांचा संवाद-तक्ता पुसायला बहुतेक घरांत विसरतात.

कण्याची इजा किंवा स्नायूंचा आजार असेल तर खोकला जोरात येत नाही. कफ आत साठतो आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. अशा व्यक्तीला खोकला दाबणारं सिरप परस्पर देऊ नका. खोकला त्रास देतोय असं वाटतं, पण छाती तोच मोकळी करतो. पोटावर दाब देऊन खोकायला मदत कशी करायची, हे फिजिओथेरपिस्टकडून त्या व्यक्तीची तब्येत ठीक असतानाच शिकून घ्या. भरवताना ताठ बसवा, नंतरही ३० मिनिटं आडवं करू नका. दात दोन वेळा घासा. हे दातांसाठी कमी आणि फुप्फुसांसाठी जास्त: ठसका लागून लाळ श्वासनलिकेत गेली, की तोंडातले जंतूही सोबत जातात.

ताप येण्याची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसांना कित्येकदा तो येतच नाही. बोलू न शकणारी व्यक्ती जेवण टाळते, चिडचिड करते, नाहीतर नुसती झोपून राहते. तब्येत ठीक असताना आठवडाभर ऑक्सिमीटरचा (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्राचा) आकडा आणि पूर्ण मिनिटातले श्वास लिहून ठेवा. एरवी ९७ असणारा आकडा ९३ वर रेंगाळला तर डॉक्टरांना लगेच फोन करा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला ३० च्या घरात गेले, ओठ निळसर झाले किंवा हाक मारूनही नीट जाग येईना, तर थेट दवाखाना गाठा. डॉक्टर देतात ती फ्लूच्या विषाणूवरची गोळी लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वात उपयोगी पडते. ‘उद्या बघू’ म्हटलं की ती वेळ निघून जाते.

नेहमीचे आकडे, चालू औषधं, गिळण्याची अडचण आणि ती व्यक्ती ‘हो’, ‘नको’, ‘दुखतंय’ कशी सांगते, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खुर्चीच्या पिशवीत ठेवा. दवाखान्यात रात्रपाळीला असलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं.