पंधरा मिनिटांत झणझणीत लसूण नूडल्स कशा कराव्या

पहिल्यांदा या नूडल्स केल्या तेव्हा मी तेल कडकडीत तापवलं, त्यात ठेचलेला लसूण टाकला आणि नूडल्स निथळायला चाळणी शोधत बसलो. चाळणी सापडेपर्यंत लसणाचा कोळसा झाला होता. तो झाकायला मग सोया सॉस ओतला, चिली सॉस ओतला, टोमॅटो सॉससुद्धा ओतला. भुकेपोटी खाल्लं सगळं, पण जिभेवर शेवटपर्यंत कडवटपणा राहिला.

त्या दिवशी लक्षात आलं की या पदार्थाची चव तेलात तयार होते. लसूण आणि मिरची तेलात नीट उतरली की बाटलीतल्या सॉसना फारसं काम उरत नाही. तिथेच बिघडलं तर एकही बाटली कामाला येत नाही. म्हणून पुढे सगळ्यात जास्त बोलणार आहे ते तेल आणि लसणाबद्दल. बाकीचं सोपं आहे.

काय काय लागेल

दोन जणांना पोटभर होईल असं हे माप आहे.

- कोरड्या गव्हाच्या नूडल्स २०० ग्रॅम
- लसणाच्या मोठ्या पाकळ्या १२ ते १४
- वास नसलेलं कुठलंही तेल ४ मोठे चमचे
- चिली फ्लेक्स २ छोटे चमचे
- कमी तिखट पण लालभडक रंगाची मिरची पूड १ छोटा चमचा
- सोया सॉस २ मोठे चमचे
- साखर १ छोटा चमचा
- व्हिनेगर १ छोटा चमचा
- पातीचा कांदा ३-४ काड्या
- भाजलेले तीळ, असतील तर

लसणाचा आकडा बघून दचकू नका. तेलात हळूहळू परतलेला लसूण गोडसर होतो. कच्च्या लसणासारखा झोंबत नाही. चार पाकळ्यांत भागवायचं म्हटलं तर नुसत्या तिखट नूडल्स होतील, लसणाच्या होणार नाहीत. तेलही कमी करू नका. मिरचीला झणझणीतपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तेल कमी पडलं की तिखटपणा सगळ्या नूडल्सना सारखा लागत नाही. एखादा घास अळणी लागतो आणि पुढच्या घासाला ठसका लागतो.

आधी पाणी, मग लसूण

सगळ्यात जास्त वेळ पाणी उकळायला लागतो. म्हणून मोठ्या पातेल्यात दीड-दोन लिटर पाणी झाकण घालून आधीच गॅसवर चढवा. ते उकळेपर्यंत लसूण सोलून, चिरून, परतूनही होतो. पाण्यात मीठ अगदी थोडं, अर्धा छोटा चमचा. पुढे येणारा सोया सॉस चांगलाच खारट असतो. नूडल्स चिकटू नयेत म्हणून पाण्यात तेल घालायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याचा फारसा उपयोग होत नाही. तेल वर तरंगत राहतं आणि नूडल्स खाली शिजतात. नूडल्स टाकल्यावर पहिलं मिनिटभर काट्याने हलवत राहिलं की पुरतं.

आता लसूण. पाकळी अखंड असते तेव्हा तिला फारसा वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली की आतल्या पेशी फुटतात, वेगवेगळे ठेवलेले दोन पदार्थ एकत्र येतात आणि त्यातून ॲलिसिन नावाचं उग्र वासाचं संयुग तयार होतं. जितक्या जास्त पेशी फुटतील तितका लसूण उग्र. त्यामुळे काप, बारीक चिरलेला लसूण आणि पेस्ट यांची चव वेगवेगळी लागते, एकाच गड्ड्यातल्या असल्या तरी.

या नूडल्सना सुरीने चिरलेला लसूण हवा, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. मिक्सरमधली पेस्ट नको. पेस्टमध्ये पाणी सुटलेलं असतं. ती तेलात उडते, मग कढईच्या तळाला धरते आणि वरची कच्ची असतानाच खालची करपते. बाटलीतल्या तयार पेस्टचं तर नावच काढू नका. चिरताना मोठे-बारीक तुकडे राहणार नाहीत एवढं बघा, कारण बारीक कण आधी जळतात आणि सगळ्या तेलाला कडू करतात. लसूण जुना असेल आणि पाकळीच्या मध्ये हिरवा कोंब आला असेल तर तो काढून टाका. तोही थोडा कडूच असतो.

चिरलेल्या लसणातला एक मोठा चमचाभर बाजूला काढून ठेवा. हा परतायचा नाही. त्याचं काम शेवटी आहे.

तेल: इथे घाई चालत नाही

कढईत थंड तेल घ्या, त्यात लसूण घाला आणि मग गॅस लावा. फोडणीच्या सवयीने हात आधी तेल तापवायला जातो, पण तापलेल्या तेलात लसूण बाहेरून लगेच लाल होतो आणि आत ओला राहतो. थंड तेलापासून सुरुवात केली की लसणातलं पाणी सावकाश निघून जातं आणि त्याचा स्वाद तेलात उतरतो. आच मंद ठेवा. तीन-चार मिनिटं लागतात.

या वेळात नजरेपेक्षा कान जास्त उपयोगी पडतो. आधी काहीच आवाज नसतो, मग लसणाभोवती बारीक बुडबुडे येतात आणि चर्रचर्र सुरू होते. ती पाणी निघून चालल्याची खूण. थोड्या वेळाने आवाज कमी व्हायला लागतो. याच क्षणी सावध व्हायचं. पाणी संपलं की लसूण झपाट्याने रंग बदलतो. सोनेरी आणि काळा यांच्यात फार तर अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं.

रंग फिकट पिवळसर सोनेरी झाला की गॅस बंद करा. तुम्हाला वाटेल अजून थोडा हवा होता. तोच थोडा पुढचा रंग तेलाच्या उरलेल्या उष्णतेवर येतो. कढईत हवा तसा दिसेपर्यंत थांबलात तर ताटात येईस्तोवर तो जास्त झालेला असतो. यातही चुकून लसूण काळा झालाच, तर तेलासकट टाकून द्या आणि नव्याने करा. दहा-बारा पाकळ्यांचं नुकसान परवडतं. कडू तेल मात्र सगळ्या नूडल्सना लागतं.

गॅस बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि मग मिरची घाला. आधी फ्लेक्सचा एक तुकडा टाकून बघा. तो हलकेच फसफसला पाहिजे. लगेच तपकिरी झाला तर तेल अजून गरम आहे. मिरची लसणापेक्षाही पटकन जळते, पूड तर त्याहून आधी. म्हणून आधी फ्लेक्स, दहा सेकंदांनी पूड. स्वयंपाकघरात सगळ्यांना ठसका लागायला लागला तर समजावं की मिरची जळतेय. लगेच सोया सॉस ओता आणि खिडकी उघडा.

तसंही यानंतर सोया सॉसच घालायचा आहे. तो आधीच एका वाटीत साखरेबरोबर ढवळून ठेवलेला असावा. तो पडला की तेलाचं तापमान उतरतं आणि लसूण-मिरची आहे त्याच रंगावर थांबते. थोडं उडेल, तेव्हा तोंड लांब ठेवा. सॉस पडला की कढई निर्धास्त झाली. ती दहा मिनिटं तशीच राहिली तरी बिघडत नाही. म्हणून कढई आधी आणि नूडल्स नंतर: कढईला थांबता येतं, नूडल्सना येत नाही.

नूडल्स

आता उकळत्या पाण्यात नूडल्स सोडा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी एक काडी तोडून बघा. चावताना मध्ये किंचित दम जाणवला पाहिजे. उरलेलं शिजणं कढईत होतं.

निथळण्याआधी कपभर पाणी काढून ठेवा. हे विसरायला फार सोपं आहे, म्हणून मी चाळणीतच कप ठेवून देतो. या गढूळ पाण्यात नूडल्समधून निघालेला स्टार्च असतो. तोच तेल आणि सोया सॉस यांना एकत्र बांधतो. नाहीतर तेल खाली साचतं आणि नूडल्स वर कोरड्या राहतात.

निथळल्यावर नूडल्स थंड पाण्याने धुवाव्या का? थेट कढईत जाणार असतील तर नाही, वरचा स्टार्च आपल्याला हवाच आहे. काही कारणाने थांबावं लागणार असेल, पाहुणे पोचायचे असतील वगैरे, तर मात्र धुवा आणि छोटा चमचाभर तेल चोळून ठेवा. नाहीतर गोळा होईल.

नूडल्स कुठल्या, यावर फार अडून बसायचं कारण नाही. दोन मिनिटांच्या इन्स्टंट नूडल्सही चालतात. १९५८ मध्ये जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी त्या आणल्या, तेव्हा आधी शिजवून मग तेलात तळून त्या वाळवल्या होत्या. तळताना पाणी निघून गेलं की बारीक छिद्रं पडतात, म्हणून त्या इतक्या लवकर भिजतात. त्या घेतल्या तर मिनिटभरच उकळा आणि मसाल्याची पुडी बाजूला ठेवा. तांदळाच्या नूडल्स उकळायच्या नाहीत. गॅसवरून उतरवलेल्या गरम पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवायच्या. घरात फक्त स्पॅगेटी असेल तर एक गंमत करून बघा. तिच्या पाण्यात लिटरमागे एक छोटा चमचा खायचा सोडा घाला. पाणी क्षारधर्मी झालं की स्पॅगेटी पिवळसर आणि रबरासारखी लवचिक होते, रामेन या जपानी नूडल्सच्या जवळ जाणारी. सोडा घालताना पाणी एकदम फेसाळून वर येतं, म्हणून पातेलं काठोकाठ भरलेलं नको.

कढईत शेवटचं मिनिट

कढईखाली मोठी आच करा, नूडल्स घाला, काढलेल्या पाण्यातलं पाव कप ओता आणि चिमट्याने उचलून-उचलून हलवा. कालथ्याने ढवळलं तर तुकडे पडतात. आधी सगळं पातळ दिसेल. मिनिटभरात पाणी आटतं आणि प्रत्येक नूडलवर तांबूस चकचकीत थर चढतो. कोरडं वाटलं तर आणखी दोन चमचे पाणी. तेल घालू नका.

गॅस बंद. आता बाजूला ठेवलेला कच्चा लसूण घाला. परतलेल्या लसणाने खमंगपणा येतो, पण झोंबरा, ताजा वास त्याने केव्हाच सोडलेला असतो. तो परत आणण्याचं काम या चमचाभर लसणाचं. नूडल्सच्या वाफेवर त्याचा उग्रपणा जेमतेम उतरतो, तेवढाच हवा. त्यावर व्हिनेगर, चिरलेली पात, तीळ. व्हिनेगर आधी घातलं तर बरंचसं वाफेबरोबर उडून जातं आणि आंबटपणा बोथट होतो. एकदा हलवा आणि चव बघा. मीठ लागलंच तर आता, त्याआधी नाही.

तिखट जास्त झालं तर

पाणी वाढवून उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्याला दाद देत नाही. गॅस बंद असताना लोण्याचा एक तुकडा घालून हलवा, किंवा चमचाभर पीनट बटर गरम पाण्यात सैल करून मिसळा. वरून अर्धं कच्चं पिवळं ठेवून तळलेलं अंडं ठेवलं तरी बलक फुटला की तिखट निवळतं. खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलंच असेल तर त्याला दूध द्या. पुढच्या वेळी फ्लेक्स अर्धे करा, रंगाची पूड तेवढीच ठेवा. आणि मिरची तिखट असते ती बियांमुळे, हा समज चुकीचा आहे. तिखटपणा बियांना धरून असलेल्या पांढऱ्या गराचा असतो, बियांना तो फक्त चिकटलेला असतो.

भाज्या घालायच्या असतील तर कोबी, गाजर, सिमला मिरची यांच्या लांब पातळ चिरा वेगळ्या कढईत मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून शेवटी मिसळा. लसणाच्या तेलातच त्या टाकल्या तर पाणी सोडतात आणि सगळं गिच्च होतं. मी स्वतः भाज्या घालत नाही.

उरलं तर

हे तेल चांगलं जमलं की बरणीभर करून ठेवायचा मोह होतो. तेवढा आवरा. तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही आणि आंबटपणाही नसतो. अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि वासावरून किंवा चवीवरून ते ओळखू येत नाही. लसणाचं तेल बाहेर ठेवायचं नाही. उरलंच तर लगेच फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं.

उरलेल्या नूडल्स दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्या ताठ आणि कोरड्या झालेल्या दिसतील. थंडीत स्टार्च पुन्हा घट्ट होतो, एवढंच. कढईत घेऊन दोन-तीन चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं वाफ आणा आणि वरून पुन्हा थोडा कच्चा लसूण घाला, आदल्या दिवशीचा वास तोपर्यंत उडालेला असतो.