कोल्ड स्टोरेजमधून काढलेला जुना कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर

उन्हाळा आला की सोलापुरात माझ्याकडं असा एखादा कॉम्प्युटर हमखास येतो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दोन-तीन वर्षं कोपऱ्यात पडलेला असतो आणि आता कुणाच्या तरी मालाच्या जुन्या आवक-जावक नोंदी हव्या म्हणून बाहेर काढलेला असतो. आणणारा माणूस दारातूनच सांगतो, "बटण दाबून बघितलं, काहीच होत नाही." तिथंच माझं डोकं फिरतं. बटण दाबायचंच नव्हतं.

फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, तोच घाम या डब्याला आतून फुटतो. आत चार-पाच अंश, बाहेर एप्रिलचे चाळीस. सोलापूरची हवा कोरडी असली तरी इतक्या गार पत्र्यावर दव धरायला तिच्यातली वाफ पुरते. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून डबा थंडीत असतानाच मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत घाला, तोंड चिकटपट्टीनं बंद करा आणि मग बाहेर आणा. दव पिशवीवर धरतं, आतला मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) कोरडा राहतो. पिशवीवरूनच हात लावून पत्रा कोमट लागेपर्यंत पिशवी उघडायची नाही. मी चोवीस तास थांबतो. पिशवीशिवाय आणला असेल तर झाकण काढून पंख्याखाली दोन दिवस. सोलापुरी चादरीत गुंडाळून आणणारे पुष्कळ भेटतात. चादर उत्तम, पण ती वाफ अडवत नाही, उलट डबा जास्त वेळ गार ठेवते. तांदळाचा उपाय सांगणाऱ्यांनी तांदूळ खिचडीला वापरावा. उन्हातही ठेवू नका.

धूळ ब्रशनं झाडा, केबली दाबून बसवा. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर विसरू नका. बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे उभ्या डबीसारखे भाग) बघा: डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकटा आलेला दिसला तर दोष सापडला. आता हार्डडिस्क आणि जादा कार्डं काढून ठेवा, एकच रॅम ठेवा आणि बटण दाबा.

खरं भांडण इथून पुढं आहे. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. किंवा पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. किंवा दहा वेळा दाबलं की अकराव्यांदा सुरू होतो.

सगळे सांगतात तसंच मीही पहिल्यांदा केलं. एसएमपीएसचा, म्हणजे घरची वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलून बोर्डाला देणाऱ्या डब्याचा, मोठा कनेक्टर बोर्डातून काढला, हिरवी आणि काळी वायर स्टेपलरच्या पिनेनं जोडली, म्हणजे तो बोर्डाशिवायच चालू होतो. पंखा फिरला. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरला १२.१ व्होल्ट आले, म्हणजे ठीक. मी छातीठोकपणे सांगितलं, बोर्ड गेला. गिऱ्हाइकाकडून जुना बोर्ड आणवला, बसवला, तरी स्क्रीन काळीच. तिसऱ्या दिवशी कंटाळून दुसरा एसएमपीएस लावला आणि त्याचा मूळचा बोर्डच सुरू झाला. आणवलेल्या बोर्डाचे पैसे मी खिशातून दिले. तेव्हापासून नुसत्या हिरव्या-काळ्यावर मी कुणाला काही सांगत नाही.

चूक कुठं होती बघा. बोर्ड जोडलेला नसताना एसएमपीएसवर लोडच नसतो. रिकामा टेम्पो चढ चढला म्हणून भरलेलाही चढेल असं नसतं. जुन्या कपॅसिटरमधला द्रव वाळत जातो, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि थंडीत तो आणखी वाढतो. म्हणून असा कॉम्प्युटर डिसेंबरच्या सकाळी मेल्यासारखा पडतो आणि दुपारी जिवंत होतो. "आपोआप बरा झाला" असं कुणी म्हणालं की मी आधी एसएमपीएसकडं बघतो.

म्हणून कनेक्टर बोर्डात लावलेलाच ठेवून मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब (मीटरची टोकदार काडी) हार्डडिस्कच्या मोकळ्या कनेक्टरमधल्या काळ्या वायरला, लाल प्रोब मोठ्या कनेक्टरच्या मागून, वायर आत शिरते तिथं. दोन पिनांना एकदम टेकला तर ठिणगी, तेव्हा सावकाश.

आधी बटण न दाबता जांभळी: ५ व्होल्ट हवेत. नसतील तर पुढचं काही मोजू नका, एसएमपीएस बदला. मग हिरवी: बंद असताना ५ च्या आसपास, बटण दाबल्यावर शून्याजवळ. खाली येतच नसेल तर दोष बटणात, त्याच्या वायरीत किंवा बोर्डात. मग चालू करून पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४६. शेवटी राखाडी, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाची हीच. सगळे व्होल्टेज ठीक झाले की एसएमपीएस अर्ध्या सेकंदाच्या आत या वायरीवर ५ व्होल्ट देतो. तोपर्यंत बोर्ड प्रोसेसरला जागंच करत नाही. पंखा फिरतोय आणि राखाडी वर येत नाही, म्हणजे काळ्या स्क्रीनचं कारण बोर्डात नाही, एसएमपीएसमध्ये आहे.

सगळे आकडे बरोबर आले तरीही एकदा खात्रीचा एसएमपीएस लावून बघा. मीटर सरासरी दाखवतो. व्होल्टेज आत किती वर-खाली होतं, म्हणजे किती लहर आहे, ते दाखवत नाही, आणि वाळलेला कपॅसिटर तीच लहर सोडतो. आणि एक हात जोडून सांगतो: एसएमपीएस उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतं.

एसएमपीएसचा प्रश्न सुटला की उरलेलं सोपं. बीप वाजत राहिला तर रॅम काढून तिचे पिवळे दात पांढऱ्या खोडरबरनं पुसा, कपटे झटका, परत बसवा. दोन रॅम असतील तर आलटून पालटून. बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल न मोजताच नवा टाका, नंतर तारीख-वेळ भरा. सेल मेल्यावर बायोसमधली (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधली) सेटिंग मूळपदावर जाते, त्यात हार्डडिस्कचा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी बोलतो ती पद्धत, जुन्या आयडीईचा नवा एएचसीआय झाला की जुनं विंडोज एक्सपी निळ्या स्क्रीनवर अडकतं. लगेच विंडोज नव्यानं टाकू नका, मोड परत आयडीई करा.

हार्डडिस्क सगळ्यात शेवटी. तिला श्वासाचं बारीक भोक असतं, त्यामुळं चोवीस तासांचा नियम तिलाही लागू. नोंदी महत्त्वाच्या असतील तर त्याच कॉम्प्युटरवर चालवून बघण्याआधी ती यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि हिशोबाचा फोल्डर आधी उतरवून घ्या. कॉपी अर्ध्यात असताना टकटक आवाज येऊ लागला, तर आलं तेवढं घ्या आणि केबल काढा.